छपराखालचं धाडस

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ओस पडतात. ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मागे राहिलेली लेकरं आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. संध्याकाळी लवकर अंधारतं, बालाघाटावरून गार वारं सुटतं. मग पोरं करतात काय? मोबाइल बघतात. तो हिसकावून घेणं सोपं आहे हो, पण त्याच्या जागी देणार काय?

उत्तर याच जिल्ह्यात आहे. पाटोद्याचा कुस्तीपटू राहुल आवारे तालमीतच घडला. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात त्यानं सुवर्णपदक घेतलं, पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य. तालीम म्हणजे तरी काय? चार भिंती, वर पत्रे आणि आत ताक, तेल, हळद मुरवलेली लाल माती. दोन डाव झाले की थंडी पळालीच.

दोराचा मल्लखांब आणखी स्वस्त. वर तुळईला बांधलेला दोर, खाली जाड गादी. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर पकडून मूल वर सरकतं, तिथं उलटं होतं, आणि उंचीची भीती हळूहळू गळून पडते. मात्र तुळई तपासलेली हवी, शेजारी जाणता वस्ताद हवा. उगाच मर्दुमकी नको.

सरपंचांनो, मुख्याध्यापकांनो, गावात बंद पडलेली तालीम असेल तर या हिवाळ्यात तिचं कुलूप काढा. आणि मुलींसाठीही वेळ राखून ठेवा.