मंदपणाचा धनी

पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाची एका प्रश्नापासून सुटका नसते. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा काला आंबच्या स्मारकापुढे हात जोडतो आणि परतीच्या वाटेवर विचारतो, "पण चूक नेमकी कोणाची?" मग कोणी भाऊसाहेबांचे नाव घेतो, कोणी मल्हारराव होळकरांचे. १७६० च्या नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्ये समोरासमोर तळ देऊन होती, दिल्लीची वाट अडली होती, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी लढायला निघालेले सैन्य उपाशी होते, हे सारे ठाऊक असूनही एका नावाची तहान भागत नाही. मीही पाहुण्यांना अशी नावे पुरवली आहेत. त्या उत्तरांवरचा माझा विश्वास डळमळला तो एका खेळण्यातल्या इंजिनामुळे, हे सांगताना थोडा संकोच वाटतो.

दिल्लीतल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात ते मिळाले. खऱ्या इंजिनाच्या शहात्तराव्या हिश्श्याएवढे, साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर बारा व्होल्टच्या विजेने धावणारे. "चलता है, बस थोड़ा सुस्त है," दुकानदार म्हणाला होता. घरी रुळांवर ठेवले तर ते कण्हत, थबकत सरकू लागले. मी विजेचा दाब वाढवला. दचकल्यासारखे ते चार विती धावले आणि पुन्हा रेंगाळले. मोटार तापून करपट वास आला. म्हातारे झाले आहे, असा निकाल मी तेथल्या तेथे दिला.

निकाल दिल्यानंतर तपासाला बसलो, हा क्रम लक्षात घ्यावा. रुळांवरून स्पिरिटचे फडके फिरवले तर ते काजळासारखे काळे झाले. चाकांच्या कडांवरही तोच थर. म्हणजे वीज मोटारीपर्यंत धड पोहोचतच नव्हती. मोटार दंतचक्रापासून सुटी करून दोन तारा लावल्या, तर ती भुंग्यासारखी गुणगुणत फिरली. मंद म्हणून जिला दोष दिला तिच्यात मंदपणा नव्हताच. दंतचक्रात कोणे एके काळी घातलेले तेल वाळून डिंकासारखे झाले होते. आणि मागच्या आसाभोवती, चाकाच्या आड, लोकरीचा तांबडा धागा घट्ट गुंडाळला गेला होता. कोणा परक्या घरच्या गालिच्याचा असावा. जगाने टाकलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी ज्या गावात येतात, रंगवार निवडले जातात, फाडले जातात आणि सूत होऊन ब्लँकेटांत विणले जातात, त्या गावात अशा धाग्याचे नवल नाही. तरी मी तो चिमट्याने उलगडताना बराच वेळ घेतला.

मध्येच एक मोह झाला होता. मोटार पुरती उघडून आर्मेचर बाहेर काढावे, असे वाटले. पण या जुन्या मोटारींतले चुंबक मोकळे सोडले, त्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवला नाही, तर त्यांचे बळ घटते आणि पुन्हा चुंबकित केल्याशिवाय परत येत नाही. दोष शोधणाऱ्याच्या हातूनच दोष निर्माण झाला असता, आणि मग माझे पहिले निदान खरे ठरले असते.

वैशेषिकांनी संस्कार नावाच्या गुणाचे तीन प्रकार मानले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. गुण म्हटला की त्याला आश्रय लागतो, द्रव्य लागते. वेगाचा आश्रय इंजिन, हे मान्य करू. पण मंदपणाचा आश्रय कोणता? तो रूळ, चाक, तेल आणि धागा यांच्या मधल्या जागेत होता. भाषेला मात्र अशी मधली जागा सोसत नाही; विशेषण समोर दिसेल त्या नामाला चिकटते.

नोकरीत असताना हाताखालच्या एका कारकुनाच्या गोपनीय अहवालात मी 'कामात मंद' असा शेरा लिहिला होता. त्याची त्या वर्षीची बढती हुकली. त्याच्याकडे जाणारे कागद आधी माझ्या टेबलावरून जात आणि तेथे आठ-आठ दिवस पडून राहत, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा त्याची बदली होऊन गेली होती. त्याला ते ठाऊक असणारच. तो कधी बोलला नाही.

आता येथे एक सोयीची पळवाट उघडते. मंदपणा जर कोणा एकाचा नसेल, तर दोषही कोणा एकाचा नाही. मग मीही सुटलो. कारणे पसरलेली असतात हे खरे, पण विजेचा दाब वाढवणारा हात माझा होता आणि शेऱ्याखालची सहीही माझीच. भाऊसाहेबांचे निर्णयही भुकेने पुसले जात नाहीत. कारणांचा शोध लांबला म्हणून जबाबदारी पातळ होत नाही. उलट तो शोध नावापाशी थांबवण्याची घाई ज्याला असते, त्याचे टेबल एकदा पाहावे लागते.

इंजिन आता पाच व्होल्टवर संथ, एकसारखे चालते. तांबडा धागा मी काड्यापेटीत ठेवला आहे. एका वळणावर ते अजून अडखळते. तेथे रुळाचा जोड सैल असावा. अजून पाहिलेले नाही.