तारली कोणाच्या वांट्याची?

समुद्राची लूट थांबावयाची असेल तर मनुष्यानें तळ्यांत मासे वाढवावे, ही कल्पना दिसावयास मोठी निर्दोष आहे. चीन देशांत ती अतिप्राचीन. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत फान ली यानें कार्प माशाच्या पैदाशीवर ग्रंथ लिहिला, असें तिकडील परंपरा सांगते. आज तर तिचा विजयच झाला आहे. सन २०२२ मध्यें जगांतील पाळीव जलचरांचें उत्पादन ९.४४ कोटी टनांवर जाऊन त्यानें जाळ्यांतील मासळीस प्रथमच मागें टाकलें. आणि त्यांत सुमारें नव्वद टक्के वांटा आशियाचा!

पण हे पाळीव जीव खातात काय? बंगालच्या तळ्यांतील रोहू-कटला शेवाळ, सूक्ष्म जीव, कोंडा, पेंड ह्यांवर पोसतो. त्याच्याविषयीं माझी तक्रार नाहीं. आंध्रांतील कोळंबीची गोष्ट निराळी. २००९ पासून तेथें वाढविली जाणारी व्हॅनामी कोळंबी सोयाबीनच्या पेंडीबरोबर मासळीची भुकटीही मागते, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती भुकटी तारलीसारख्या लहान मासळीची होते. कोळंबी गोठून अमेरिकेस जाते. तारली गरिबाच्या पानांतून जाते.

पूर्वींही तारलीचा लोट आला म्हणजे ती माडांच्या मुळाशीं घालीतच असत, असें कोणी म्हणेल. आणि तें खरें आहे. परंतु तें उरल्यासुरल्याचें खत होतें. वाळूवर सडणाऱ्या राशीचें दुसरें करावयाचें तरी काय? भुकटीचा कारखानदार उरण्याची वाट पाहात नाहीं. तो बंदरावरच भाव करतो, आणि टोपली घेऊन आलेल्या कोळिणीला त्या भावाशीं झुंजावें लागतें. नाखव्यास दोष द्यावा, तर त्याच्या डोक्यावर डिझेलचें नि जाळ्यांचें कर्ज; सारी रास एकदम उचलणारें गिऱ्हाईक तो कां नाकारील? कोळंबीवालाही रोगाच्या धास्तीनें रात्री तळ्याच्या बांधावर जागतच असतो.

अर्थशास्त्री म्हणतात, जो अधिक किंमत देतो त्याची गरज अधिक. हा न्याय मला पटत नाहीं. ह्या हिशेबानें कनवटीस पैसा नसलेल्या मनुष्यास भूकच नसते, असें ठरतें! मासळी-कारखान्यांत पडणारीं डोकीं, कांटे ह्यांचीही भुकटी होते. ती खुशाल व्हावी. पण खाण्याजोग्या ताज्या मासळीचा प्रश्न आहे तेथें, सकाळचा लिलाव आटोपेपर्यंत कारखान्याच्या गाडीनें बंदराबाहेर उभें राहावें, अशी मागणी उद्यां कोळिणींनीं केली, तर तिला भाबडी म्हणावयास मी तरी धजणार नाहीं.