आधी परतीचे शब्द शीक

चि. गौरी,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळणार, प्रशिक्षणाला गटाने तुझं नाव दिलं, हे ऐकून फार आनंद झाला. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या 15,000 महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, आणि किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपयांपर्यंत, मदत केंद्र सरकार देतं. एवढ्या मोलाचं यंत्र गट तुझ्या हाती सोपवतोय. पण माहितीपत्रकातले शब्द पाहूनच तुला धडकी भरली आहे, असं आई म्हणाली. म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. पुढे 24 एप्रिल 2020 ला ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली आणि गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली, तेव्हा ड्रोन उडवणारी माणसं काम कशी करतात हे मी जवळून पाहिलं. त्यावरून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. माहितीपत्रकात कॅमेरा, वेग आणि पल्ला आधी छापतात. तू मात्र उलटीकडून सुरुवात कर. अडचणीच्या वेळी जे शब्द लागतात ते आधी शीक. ज्यांनी ड्रोन सुखरूप खाली येतो ते शब्द पहिले, बाकीचे सावकाश.

सुरुवात हातापासून. बहुतेक रिमोटवर डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल, म्हणजे ड्रोन वर जाणं आणि खाली येणं. तीच डावी-उजवीकडे नेली की यॉ, म्हणजे जागच्या जागी नाक फिरवणं. उजवी स्टिक पुढे-मागे केली की पिच, ड्रोन पुढे किंवा मागे जातो. डावी-उजवीकडे केली की रोल, तो बाजूला सरकतो. या मांडणीला मोड 2 म्हणतात. ड्रोन हवेत एका जागी स्थिर ठेवणं म्हणजे हॉवर. चार पात्यांचा तो क्वाडकॉप्टर, सहांचा हेक्साकॉप्टर. शेजारशेजारची पाती उलटसुलट दिशांना फिरतात, म्हणून ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. पातं बदलताना दिशेची खूण पाहूनच बसव.

इथे नवशिके हमखास गोंधळतात. ड्रोनचं नाक पुढे असेतो तुझी डावी तीच त्याची डावी. तो तुझ्याकडे तोंड करून परत येऊ लागला की सगळं उलटं होतं; तू स्टिक डावीकडे नेलीस तर तो तुझ्या उजवीकडे जातो. म्हणून मोकळ्या मैदानात, कमी उंचीवर, नाक स्वतःकडे ठेवून हॉवर करायचा सराव कर. हात आपोआप बरोबर वळू लागेपर्यंत शेतात उतरू नकोस.

आता बॅटरी. ड्रोनमध्ये बहुधा लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरी असते. तिच्यावरचा ‘4एस’ म्हणजे चार सेल एकापुढे एक जोडलेले. एका सेलचं सरासरी व्होल्टेज 3.7, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2, म्हणजे भरलेली 4एस बॅटरी 16.8 व्होल्ट दाखवते. ‘एमएएच’ हा साठा. 5000 एमएएचच्या बॅटरीतून सतत 20 अँपिअर प्रवाह ओढला तर ती 15 मिनिटांत संपते. पण ही पंधराही मिनिटं तुझी नाहीत, कारण लायपो तळापर्यंत रिकामी केली की ती कायमची खराब होते आणि ड्रोन हवेतून खाली येतो. दहा-अकरा मिनिटांतच उतरायचं, हा हिशोब आधीच मनाशी धर. ‘सी’ हा आकडा बॅटरी एका वेळी किती प्रवाह सोसू शकते ते सांगतो: 5000 एमएएच आणि 20सी असेल तर 100 अँपिअर.

बॅटरी फुगली तर ती वापरातून काढूनच टाक. एक फेरी चालून जाईल असं म्हणू नकोस. चार्जिंगला लावून झोपू नये, उन्हातल्या गाडीत ठेवू नये. काही दिवस काम नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवून ती बाजूला ठेवतात, याला स्टोरेज चार्ज म्हणतात. फवारणी करणाऱ्याचा बराच पैसा बॅटऱ्या वाचवतात किंवा बुडवतात.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते दोन शब्द: होम पॉइंट आणि रिटर्न टू होम, म्हणजे आरटीएच. काही यंत्रांवर आरटीएल असं लिहिलेलं असतं. ड्रोनला पुरेसे उपग्रह मिळाले की तो उडायची जागा लक्षात ठेवतो. तो होम पॉइंट. उपग्रह मिळायच्या आत घाईने उडवलंस तर त्याला परतीची जागाच नीट ठाऊक नसते. आणि तू मध्येच बांध ओलांडून दुसऱ्या शेतात गेलीस तरी तो बहुतेक वेळा जुन्याच जागी परततो. म्हणून पडद्यावर होम पॉइंट नोंदल्याची खूण दिसेपर्यंत थांब.

आरटीएच सुरू झाल्यावर बहुतेक ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर जातात, मग सरळ रेषेत होम पॉइंटकडे निघतात. ती उंची तुला ठरवावी लागते, आणि खरी मेख तिथेच आहे. समज, तू ती 15 मीटर ठेवलीस आणि वाटेत 20 मीटरचं नारळाचं झाड आहे. समोरचा अडथळा ओळखणारा सेन्सर नसेल तर ड्रोन सरळ झाडात शिरेल. विजेच्या तारा तर सेन्सर असूनही नीट दिसत नाहीत. म्हणून शेतावर गेल्यावर आधी भोवताल पाहून घे, सगळ्यात उंच झाड, खांब, टॉवर कोणता ते ठरव आणि त्याच्या बरीच वर उंची ठेव. आणखी एक. पडद्यावरची उंची ही उडायच्या जागेपासून मोजलेली असते. पायथ्याशी उडवून चढाकडे निघालीस तर पडदा 30 मीटर दाखवत राहील आणि खालची जमीन मात्र वर येत जाईल. पुरंदर, मावळ, जुन्नरकडच्या उतारावरच्या शेतांत हे विसरून चालणार नाही.

रिमोटचा संपर्क तुटला किंवा बॅटरी घटली की ड्रोन स्वतःहून जे करतो त्याला फेलसेफ म्हणतात. काही ड्रोन होम पॉइंटला परततात, काही आहेत तिथेच उतरतात, काही हवेतच थांबतात. खाली विहीर असेल तर ‘तिथेच उतरणं’ किती महागात पडेल! प्रशिक्षकाला पहिला प्रश्न हाच विचार: या यंत्राचा फेलसेफ काय आहे? वाऱ्याचंही ध्यानात ठेव. वाऱ्याबरोबर लांब गेलेल्या ड्रोनला परतताना वाऱ्याविरुद्ध यावं लागतं, आणि जाताना लागली त्याहून जास्त बॅटरी लागते. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावं.

आता यंत्राच्या आतलं थोडं. फ्लाइट कंट्रोलर हा ड्रोनचा मेंदू. ईएससी म्हणतात तो भाग प्रत्येक मोटरला किती वेगाने फिरायचं ते सांगतो. दिशा कळायला कंपास असतो. त्याचं कॅलिब्रेशन ट्रॅक्टरजवळ, पत्र्याच्या शेडखाली किंवा स्लॅबवर करू नकोस, लोखंडाने तो चुकतो. साधं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं. आरटीकेमध्ये जमिनीवरचं केंद्र दुरुस्ती पाठवतं आणि चूक काही सेंटिमीटरवर येते. मोजणीला ते लागतंच. फवारणीतही दोन पट्ट्यांमध्ये जागा सुटत नाही की एकाच जागी दोनदा औषध पडत नाही.

कायद्याचे शब्दही हवेत. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल. इथे वजन धरायचं ते एकूण, म्हणजे बॅटरी आणि पेलोडसकट. पेलोड म्हणजे ड्रोन वाहून नेतो ते ओझं. तुझ्या बाबतीत टाकी आणि औषध. यूआयएन हा ड्रोनचा नोंदणी क्रमांक. आरपीसी हे चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र. त्यासाठी वय 18 पूर्ण आणि दहावी पास हवी, शिवाय डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण. ग्रीन झोनमध्ये साधारणपणे 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. यलो झोनमध्ये परवानगी घ्यावी लागते, रेड झोनमध्ये केंद्र सरकारची. झोन बदलू शकतात, म्हणून उडवण्याआधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा पाहायचाच. व्हीएलओएस म्हणजे ड्रोन सतत स्वतःच्या डोळ्यांना दिसत राहणं. पडद्यावर दिसतंय यावर समाधान मानू नकोस.

बाकीचे शब्द कामातून येतील. गिम्बल कॅमेरा स्थिर ठेवतो, वेपॉइंट हे आखलेल्या वाटेवरचे थांबे, जिओफेन्स ही ड्रोनने ओलांडू नये अशी आखलेली हद्द. पात्यांखालून जोरात वाहणारी हवा म्हणजे डाउनवॉश. तिने पानं हलतात आणि औषध आत पोचतं. वारा जास्त असेल तर तेच औषध शेजाऱ्याच्या मळ्यात जातं. अशा दिवशी फवारणी करायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

ड्रोन उडवता येणाऱ्या मुली आता गावोगावी होतील. पण ज्या मुलीला “आज नको” म्हणता येतं, तिच्याकडेच शेतकरी पुन्हा काम घेऊन येतो. वही कर, रोज पाच शब्द लिही, आणि प्रत्येकापुढे तो शब्द माहीत नसला तर काय बिघडेल तेही लिही. प्रशिक्षणाला जाताना ती वही बरोबर ने आणि शंका विचारायला लाजू नकोस.

तुझा,
आप्पाकाका