संयम झिजतो

पोर्शे ९११ जीटी३ची सिरॅमिक डिस्क बाद झाली आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. चाक काढायचं, डिस्क खोलायची, स्वच्छ करायची आणि वजनकाट्यावर ठेवायची. किमान वजन किती असावं, हे डिस्कवरच कोरलेलं असतं. काट्यावरचा आकडा त्याच्या खाली उतरला की डिस्क संपली. जाडीत फारसा फरक सापडत नाही, लांबून पाहणाऱ्याला ती धडधाकटच वाटते. पण रेसट्रॅकवर पुन्हा पुन्हा लालभडक तापल्यामुळे तिच्यातले कार्बनचे तंतू जळत गेलेले असतात.

मी स्टुटगार्टजवळच्या एका गॅरेजमध्ये अशा गाड्यांची कामं करतो. चारही सिरॅमिक डिस्क, पॅड आणि मजुरी धरली की आकडा वीस हजार युरोंच्या पुढे जातो. इथे तेवढ्यात एखादी छोटी नवी गाडी दारात उभी राहते. आकडा ऐकला की गिऱ्हाईक विचारतं, गाडी तर व्यवस्थित थांबतेय, मग एवढा खर्च कशाला? हा प्रश्न मला गॅरेजपुरता वाटत नाही. मिरजेला माळकरी वडिलांच्या घरात मी वाढलो, त्यामुळे मला तो असा ऐकू येतो: एकदा कमावलेला संयम माणसाला जन्मभर पुरतो का?

माझं उत्तर आहे, नाही पुरत. संयम वापरला की खर्च होतो, आणि तो परत भरावा लागतो.

आधी हिशेब बघू. चालकासह दीड टनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या चौपट २०० वरून थांबवताना आणि नऊपट ३०० वरून थांबवताना लागते. वेग दुप्पट झाला म्हणून थांबण्याचा भार दुपटीवर राहत नाही, तो वर्गाने वाढतो. २०० वरून थांबताना पाच-सहा सेकंदांत निघणारी उष्णता जवळजवळ सात लिटर गार पाणी उकळीला आणू शकेल. हे सगळं चार चाकांतल्या डिस्क आणि पॅड यांनी सोसायचं. म्हणून तर कार्बनचे तंतू आणि राळ यांचा साचा भाजून, १४०० अंशांच्या पुढे वितळलेलं सिलिकॉन त्यात मुरवून डिस्क घडवण्याचा खटाटोप करतात. पोर्शेने २००१च्या ९११ जीटी२मध्ये अशा डिस्क मूळच्याच बसवल्या. बिडाच्या डिस्कपेक्षा त्या वजनाला जवळपास निम्म्या.

कठोपनिषदात शरीर हा रथ आहे, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. त्या रथाला ब्रेक नाही, आणि त्याची गरजही नव्हती. घोडा दमतो, भुकेजतो, कड्याच्या टोकाशी आपण होऊन बिचकतो. जी शक्ती पळवते तिच्यातच थांबण्याची ओढही असते. पाचशे अश्वशक्तीच्या इंजिनात ती नसते. त्या पाचशेंतला एकही घोडा कड्यापाशी बिचकत नाही. तिथे थांबणं वेगळं घडवावं लागतं, वेगळं विकत घ्यावं लागतं. पैसा, पद, कीर्ती, हाताखालची माणसं ही आजची सामर्थ्यं मला याच जातीची वाटतात. ती स्वतःहून दमत नाहीत. ज्याच्या शब्दावर शंभर माणसांची पोटं अवलंबून आहेत, त्याने रागाच्या भरात काढलेला एक शब्द आवरायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बळ लागतं.

आणि ते बळ झिजतं. ब्रेक पॅड स्वतः झिजूनच गाडी थांबवतो, त्याला दुसरा मार्ग नाही. विश्वामित्राची कथा मी याच अर्थाने वाचतो. राजा असताना त्याने वसिष्ठांची गाय बळाने न्यायचा प्रयत्न केला, हरला आणि तपाला बसला. पुढे त्रिशंकूसाठी तप खर्च झालं, मेनकेमुळे गेलं, रंभेला रागाने शाप दिला तेव्हाही गेलं. दर वेळी तो दुसऱ्या दिशेला गेला आणि पहिल्यापासून बसला. लहानपणी हे मला त्याचं अपयश वाटे. आता वाटतं, त्याची थोरवी त्या पुन्हा बसण्यात आहे. आपलं तप संपलंय हे त्याने ओळखलं आणि मागच्या पुण्याईवर गाडी रेटली नाही.

न वापरलेल्या संयमाचं काय? ब्रेक ऑइलकडे बघा. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल मानकाप्रमाणे २३० अंशांपर्यंत तरी उकळता कामा नये. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावा मुरला की ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. गाडी वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवली तरी हे चालूच असतं. मग एखाद्या उतारावर ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी, किलोमीटर न पाहता, कॅलेंडर पाहून बदलायचं. वडिलांची एकादशी अशीच तिथीवर यायची. त्या पंधरवड्यात मोह झाला की नाही, हा प्रश्नच नसे. ज्याला कधी मोहच पडला नाही, तो आपला संयम शाबूत आहे असं धरून चालतो. त्याची खरी परीक्षा पहिल्याच मोठ्या उतारावर होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: वेगच कमी करा, म्हणजे महागडा ब्रेक लागणार नाही. संतांनी हेच सांगितलं आणि बहुतेकांसाठी तेच खरं आहे. पण सामर्थ्य काहींच्या हाती येऊन पडलेलं असतं. शल्यविशारद, न्यायाधीश, मुलांचे आईबाप यांना ते खाली ठेवता येत नाही. त्यांनी काय करावं?

त्यांच्यासाठी मला जर्मनीतल्या नॉर्डश्लायफ या रेसट्रॅकवरच्या जाणत्यांची रीत पटते. जवळपास २१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर नेमाने गाडी घालणारे अनेकजण महागड्या सिरॅमिक डिस्क काढून खोक्यात ठेवतात आणि बिडाच्या लावतात. बिडाची डिस्क जड असते, लवकर झिजते, पण तिची झीज डोळ्यांना दिसते. कडेला धार येते, तडे दिसतात, मायक्रोमीटर लावला की जाडी कळते. ती सिरॅमिकच्या कितीतरी कमी पैशात बदलता येते, म्हणून वेळेवर बदलली जाते. महाग डिस्क मात्र अजून एकदा, अजून एकदा करत ताणली जाते, आणि धोका तिथेच असतो.

वारकऱ्यांनी संयमाची हीच जात निवडली असं मला वाटतं. हिमालयात जाऊन उग्र तप करायला त्यांनी सांगितलं नाही. रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी ही साधी, परवडणारी, चुकली तर लगेच ध्यानात येणारी बंधनं त्यांनी घातली. ती झिजणार हे गृहीत धरूनच त्यांची आवर्तनं ठरवली. वडील वारीहून परत आले की पुढच्या आषाढीची गोष्ट काढत, कारण एका वारीने काम भागतं असं त्यांनी कधीच मानलं नाही.

म्हणून गाडी घेण्याआधी कुणी सल्ला विचारला, तर मी सांगतो: चार डिस्क बदलायचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा, आणि ते निघत नसतील तर ही गाडी तुम्हाला परवडत नाही. समोरचा रस्ता तुमच्या एकट्याचा नाही. अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्यालाही माझं हेच सांगणं आहे. स्वतःला आवरायची जी रीत तुम्हाला पुन्हा पुन्हा पेलेल ती आधी ठरवा, आणि तिची झीज कुणी तपासायची त्या माणसाचं नावही ठरवा. हा खर्च सामर्थ्याच्या किमतीतच धरलेला आहे. तो आपण भरला नाही, तर आपल्यापुढे चालणारा भरतो.