शीव ओलांडताना

चंदीगडला बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षात दोन वस्तू विकत घ्याव्या लागतात. एक रजई आणि दुसरी सायकल. रजईचे कारण सांगावयास नको. सायकलीचे कारण असे की हे शहर सपाट आहे, रस्ते सरळ व रुंद आहेत, दोन्ही बाजूंना झाडांची छाया आहे, आणि पुणे सोडल्यापासून ज्याने सायकलीला हात लावलेला नाही अशा गृहस्थाचेही पाय येथे आल्यावर शिवशिवू लागतात. मीही त्या मोहातून सुटलो नाही. गेली कित्येक वर्षे रविवारी पहाटे सुखना तलावाच्या कडेने निघावे, कैंबवाल्याकडे वळावे, किंवा दुसऱ्या दिशेने खुड्डा अलीशेरवरून शिवालिकाच्या टेकड्या डोळ्यांसमोर ठेवून सिसवानच्या बाजूस जावे, आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे, असा माझा क्रम आहे. या क्रमातून मला पुष्कळ आनंद मिळाला. त्या आनंदाचा हिशेब मात्र नीट लागत नाही, आणि त्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

हे शहर आखण्यासाठी ल कॉर्बुझिए १९५१ मध्ये येथे आले. जन्माने ते स्वित्झर्लंडचे, परंतु १९३० पासून फ्रान्सचे नागरिक. त्यांनी रस्त्यांच्या सात पायऱ्या कल्पिल्या. बाहेरून येणाऱ्या हमरस्त्यापासून ती उतरंड हिरवळीतील पायवाटेपर्यंत येते. सायकलीसाठीचा आठवा मार्ग मागाहून जोडला गेला. त्यांच्या फ्रान्समध्ये सायकलीवरून खेडी पाहत हिंडणे हा जवळजवळ एक राष्ट्रीय संस्कार आहे. १९०३ मध्ये सुरू झालेली त्यांची प्रसिद्ध शर्यत आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल. दगडी मनोऱ्याचे जुने चर्च, वेलींनी झाकलेली घरे, चौकातील कारंजे, आणि त्यांमधून पाण्याच्या लोंढ्यासारखा निघून जाणारा सायकलस्वारांचा थवा. गावकरी तासन्‌तास रस्त्याच्या कडेला उभे असतात आणि थवा काही क्षणांत दिसेनासा होतो. आपली जुनी खेडी नाहीशी होऊ नयेत म्हणून त्या देशात १९८२ मध्ये सुंदर खेड्यांची एक संस्थाही निघाली. खेड्याचे सौंदर्य ही जपण्याची ठेव आहे, हे त्या समाजाने मान्य केले आहे.

येथे प्रकार उलट झाला. फ्रान्समधील रस्ता खेड्यातून जातो. चंदीगडचा रस्ता खेडे जेथे होते तेथून जातो. राजधानीसाठी जी जमीन घेतली तीवर वस्ती होती, विहिरी होत्या, आमराया होत्या. काही गावे पूर्णपणे उठली. बुडैल, अटावा यांसारखी काही गावे मागाहून वाढलेल्या सेक्टरांच्या चौकटीत अडकून राहिली. महसुली नकाशावर त्यांच्याभोवती जी तांबडी रेघ आहे तिला इकडे लाल डोरा म्हणतात. आपल्याकडील गावठाणच ते. शहराबाहेरची गावे राहिली ती १९५२ च्या परिसर नियंत्रण कायद्यामुळे. त्याने प्रथम पाच मैलांचा आणि १९६२ पासून दहा मैलांचा पट्टा बांधकामापासून राखावयाचा ठरविला. तो कितपत राखला गेला हा प्रश्न वेगळा. पण रविवारी पहाटे मला मोहरीचे शेत, गोवऱ्यांचे उडवे, पिंपळाखालचा पार हे जे काही दिसते ते त्या कायद्याच्या कृपेने उरलेले आहे. म्हणजे माझे सृष्टिसौंदर्य हेसुद्धा एका सरकारी कागदाचेच अपत्य.

सायकलीचा एक विशेष असा की तिचा वेग माणसाच्या नजरेला मानवतो. मोटारीतून गाव दिसत नाही, नुसते ओलांडले जाते. पायी जाणाऱ्याला गाव दिसते, परंतु गावालाही तो दिसतो. कुत्री भुंकतात, पोरे मागे लागतात, कोणीतरी ‘कोठून आलात?’ म्हणून विचारतेच. सायकलस्वाराला सर्व काही दिसते, आणि त्याला कोणी हटकण्याच्या आत तो शिवेपार झालेला असतो. पाहण्याचे सुख पदरात पडते आणि ओळख देण्याचे ओझे अंगावर येत नाही.

आपल्या परंपरेत गावातून जाण्याचा एक निराळा प्रकार आहे. पंढरीची वाट ज्या गावांवरून जाते त्या गावांचा पालखीवर हक्क असतो. तिने कोठे विसावा घ्यावयाचा, जेवण कोणाकडे, रात्रीचा मुक्काम कोठे, हे सर्व ठरलेले असते. वारकरी गाव पाहत नाही, गावाचे अन्न खातो. पंजाबात नामदेवांचे नाव घुमान येथे आजही घेतले जाते ते याच कारणाने असावे. २०१५ मध्ये तेथे साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी ते गाव प्रथमच पाहिले. नामदेव त्या बाजूस आले आणि राहिले, असे परंपरा सांगते; नुसते पुढे गेले असते तर गावाने त्यांची आठवण ठेवण्याचे कारण नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २००८ च्या फाल्गुनातील एका रविवारी शिवालिकाच्या पायथ्याजवळच्या एका गावाशी, ज्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, माझ्या सायकलीचे चाक पंक्चर झाले. रस्त्याच्या उजव्या हाताला आंब्याची पंचवीस-तीस जुनी झाडे होती आणि सगळी मोहोराने लगडलेली होती. तो वास आला आणि क्षणभर मी रत्नागिरीकडे गेलो. झाडांच्या मालकाने, एका वृद्ध शीख शेतकऱ्याने, मला बाजेवर बसविले, हातपंपाचे पाणी पितळी पेल्यातून दिले, आणि पंक्चर काढणाऱ्या पोराला बोलावून आणले. “बाऊजी, आंबे पिकले की या,” तो म्हणाला. मी “हो, बाबाजी” म्हटले आणि निघालो.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी एका भूसंपादनाची फाईल माझ्या टेबलावर आली. माझे काम अंदाजपत्रकातील आकडे नियमांशी जुळतात की नाही एवढे पाहण्याचे. गावाचे नाव ओळखीचे वाटले. सोबतच्या नकाशात हातपंप आणि रस्त्याचे वळण दाखविलेले होते, त्यावरून खूण पटली. झाडांच्या यादीत माझी ती आमराई होती. पुढच्या रकान्यात ‘फळ न धरणारी, जुनी’ असा शेरा होता आणि किंमत लाकडाच्या दराने लावलेली होती. पाहणी मोहोराच्या अगोदर, ऐन थंडीत झालेली होती. यादीवर सही-शिक्का होता, आकड्यांची बेरीज बरोबर होती. मी ती फाईल मान्य करून पुढे पाठविली.

हा अपराध होता काय, याचा विचार मी अनेक वर्षे करीत आलो आहे. माझ्या बाजूने जे म्हणता येईल ते थोडेथोडके नाही. न्यायाधीशाने आपल्या खाजगी माहितीवर निवाडा देऊ नये हे तत्त्व आपण सर्वच शिकलो, आणि ते योग्यही आहे. अधिकारी रविवारी जे पाहील त्यावरून सोमवारी निर्णय करू लागला, तर ज्याच्या दारात त्याची सायकल पंक्चर होईल त्याचे भाग्य उघडेल आणि शेजाऱ्याचे तसेच राहील. ज्याने पाणी पाजले त्याची झाडे फळ धरणारी ठरणे याला आपण एरवी वशिला म्हणतो. मी मोहोर पाहिला तो अधिकारी म्हणून नव्हे, हौशी सायकलस्वार म्हणून. तेव्हा ते पाहणे हा पुरावा नव्हे. परप्रांतात नोकरी करणाऱ्याला तर हे अंतर राखणे अधिकच आवश्यक वाटते. आपण येथले नाही, म्हणूनच आपण निःपक्ष, असा आपला एक समज असतो. पुष्कळ वेळा तो खराही असतो.

हा युक्तिवाद मला आजही चुकीचा वाटत नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सुख घेणारा डोळा आणि साक्ष देणारा डोळा हे दोन वेगळे, असे तो धरून चालतो. त्या आमराईने मला रत्नागिरीला नेले तेव्हा तिचा मोहोर खरा होता, आणि तिच्या मालकाचे नुकसान होत होते तेव्हा तोच मोहोर पुराव्यावाचून राहिला, हे कसे? शिवाय, फेरपाहणी मागविण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. ‘पाहणी कोणत्या महिन्यात झाली?’ एवढा एक प्रश्न समासात लिहिला असता तर पुरे होते. तो नियमात बसला असता आणि शेजाऱ्याच्या झाडांनाही लागू पडला असता. मी तो लिहिला नाही, कारण वेळ मोडला असता आणि कदाचित मला विचारले गेले असते की हे तुम्हांस कसे सुचले.

या शहरात सायकलीवरून फिरणारा आणखी एक सरकारी नोकर होऊन गेला. नेकचंद सैनी हे बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. फाळणीत त्यांचे स्वतःचे गाव सीमेपलीकडे राहिले होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी नदीनाल्यांतले दगड आणि उठविलेल्या गावांच्या ढिगाऱ्यांतले तुकडे सायकलीवर लादून आणावयास आरंभ केला. फुटक्या बांगड्या, कौले, मडकी, चिनी मातीचे भांडे, जे मिळेल ते. सुखनाजवळच्या राखीव जंगलात, सरकारी जमिनीवर, परवानगीवाचून ते काम वर्षानुवर्षे गुप्तपणे चालले होते. ते उघडकीस आल्यावर पाडून टाकण्याचीही भाषा झाली, आणि अखेर १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून ते लोकांस खुले करण्यात आले. १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते वारले. फाईलच्या दृष्टीने पाहिले तर अतिक्रमण त्यांनी केले, मी नव्हे. त्यांच्या त्या बांगड्यांच्या बाहुल्यांनी एकाही उठलेल्या कुटुंबाला एक वीत जमीन परत मिळाली नाही, हेही मी विसरत नाही. त्या बाहुल्यांपुढे उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांना त्या बांगड्या कोणाच्या हातांतल्या होत्या याची कल्पनाही नसते. तरी एक भेद राहतोच. रस्त्यात जे दिसले ते आपल्या अंगावर आले असे त्यांनी मानले, आणि त्यासाठी सायकलीवरून उतरले.

पुढल्या वर्षीच्या फाल्गुनात मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. तोपर्यंत मी ती वाट टाळीत होतो, हेही कबूल करतो. आमराईच्या जागी बुंधे होते, त्यांवर करवतीच्या खुणा अजून ताज्या होत्या. म्हातारा हातपंपाजवळच बसलेला होता. त्याने मला ओळखले, आंबे खावयास आलो नाही म्हणून लटकी तक्रार केली, आणि पेला भरून दिला. मग झाडांविषयी तो आपण होऊन बोलला. सर्कारने ती लाकूड म्हणून घेतली, दर वर्षी आंबे देणारी झाडे, असे त्याने सांगितले. स्वरात राग नव्हता. मी कोठे नोकरी करतो ते त्याने विचारले. मी “सरकारी कचेरीत” एवढेच म्हणालो. त्यावर तो पुढे सरकला आणि म्हणाला, “मग बाऊजी, आता अर्ज करून काही होते का?”

तेव्हा १८९४ चा जुना कायदा चालू होता. तो २०१४ च्या आरंभी गेला. त्या कायद्याप्रमाणे निवाडा मान्य नसेल तर वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याचा अर्ज करता येत असे. परंतु त्याला मुदत होती, आणि दुसरी एक अट होती. पैसे स्वीकारताना हरकत नोंदवूनच ते स्वीकारलेले असले पाहिजेत. तसे नसेल तर अर्जाचा हक्क जाई. हे कलम मला पाठ होते. ते त्याला सांगण्यास फाईल लागत नव्हती की अधिकार लागत नव्हता; पहिल्या दिवशी बाजेवर बसलो होतो तेव्हा, किंवा निवाड्याच्या आधीच्या कोणत्याही रविवारी, दोन वाक्यांत ते सांगता आले असते.

मी विचारले, “बाबाजी, पैसे घेताना हरकत आहे असे कागदावर लिहिले होते का?”

त्याला प्रश्न समजला नाही. मी पुन्हा सावकाश विचारला. त्याने उजव्या हाताचा अंगठा वर करून मला दाखविला आणि हसला. मग माझा पेला रिकामा झालेला पाहून तो हातपंपाकडे वळला.