जीव लावावा किंवा नाही?

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मास आले, त्यास जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन काचेच्या पेटीत ठेविले, म्हणजे घरातील कोणी वडील माणूस मुलाच्या बापास बाजूला घेऊन हळूच म्हणते, "अरे, फार जीव लावू नकोस. हाती लागले तर आपले." आमच्या खेड्यांतून हा सल्ला फार जुन्या काळापासून चालत आला आहे. तो देणारे माणूस दुष्ट असते असे कोणी समजू नये. पुष्कळदा ती आजी असते, आणि तिने आपली स्वतःची दोन लेकरे मातीआड केलेली असतात. जे तिला फार महाग पडले ते लेकाला पडू नये, एवढाच तिचा हेतू. ह्यास्तव तिच्या म्हणण्यास हसून वाटेस लावणे आम्हांस योग्य वाटत नाही. तिचा प्रश्न खरा आहे. जे मूल जगेल किंवा नाही हे डॉक्टरांसही सांगता येत नाही, त्याच्या ठायी आईबापांनी आपले मन पुरते गुंतवावे, की निकाल कळेपर्यंत ते आवरून धरावे?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हा सल्ला ज्या काळी रूढ झाला त्या काळी निकाल लवकर लागत असे. दोन दिवस, चार दिवस, फार तर एक आठवडा. तेवढा वेळ मन मुठीत धरणे माणसास शक्य आहे. आता तसे राहिले नाही. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष मुले जन्मली, आणि त्यांपैकी ३० लक्षांवर एकट्या आपल्या देशात. ह्यांतील बहुतेक थोडक्याच दिवसांनी आधी येतात. परंतु अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलेले मूल वजनाने एक किलोच्या आसपास असते, आणि सर्व काही ठीक झाले तरी त्यास घरी नेण्याचा दिवस प्रायः तोच उजाडतो, ज्या सुमारास ते मुळात जन्मास यावयाचे होते. म्हणजे अडीच महिने, कधी तीन. (सातव्या महिन्याचे जगते व आठव्याचे जगत नाही, ही समजूत अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. तिला काही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा मुलास बळकटच करितो.)

आणि ह्या अडीच महिन्यांत निकालाचा असा एक दिवस नसतो. फुप्फुसे उघडी राहण्यास जो निसरडा पदार्थ लागतो तो पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून आरंभी औषध व श्वासाचे यंत्र. यंत्र निघते तो दुसरीच काळजी: असे लहान मूल मधूनच श्वास घ्यावयाचे विसरते, घंटा वाजते, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारितात आणि छाती पुन्हा हलू लागते. दूध नळीवाटे, प्रथम एक एक मिलिलिटर. वजन आधी उतरते, मग चढू लागते. जेवढे ग्रॅम कालच्या दिवसात मिळाले तेवढे एका जुलाबात जातात. जंतूंचा संसर्ग झाला की पंधरा दिवसांची कमाई बुडते. काही आठवड्यांनी डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, कारण अशा मुलांस अंधत्वाचे भय असते. एका बापाने आम्हांस विचारले होते, "पाळकसाहेब, आता आपले झाले असे नक्की कधी समजावे?" त्यास उत्तर कोण देणार? धडधाकट जन्मलेल्या मुलाच्या बापासही असा दिवस कोणी नेमून दिलेला नाही, परंतु त्याच्या ते ध्यानातही येत नाही. निकाल लागल्यावर जीव लावीन असे जो म्हणतो, तो ज्या तिथीची वाट पाहतो ती पंचांगात नाही. आणि दरम्यान मुलाचे आयुष्य तर चाललेच आहे. ते अडीच महिने त्याच्या आयुष्यातूनच वजा होतात.

आता दुसरी गोष्ट. मन आवरून धरल्याने मुलाचे काही बिघडत नाही, त्याचे काम डॉक्टर करीतच आहेत, असे ह्या सल्ल्यात गृहीत धरिलेले असते. एके काळी दवाखान्यांचेही हेच मत होते. आईस काचेबाहेर उभे करावे, जंतू आत येऊ नयेत, बाकीचे आम्ही पाहू, अशी रीत युरोप-अमेरिकेत कित्येक दशके चालली. पॅरिस शहरी पिएर ब्युदँ नावाचे एक डॉक्टर अशा बालकांची शुश्रूषा करीत. त्यांनी १९०० साली लिहून ठेविले की, ज्या मातांस बाळापासून दूर ठेविले जाते व पाजू दिले जात नाही, त्यांची माया आटत जाते, आणि काही माता बाळास टाकूनही जातात. जीव न लावणे हा त्या मातांचा स्वभाव नव्हता. दुराव्याने तो त्यांस शिकविला होता.

ह्या रीतीस मोठा धक्का बसला तो एका गरीब देशाच्या अडचणीमुळे. कोलंबिया देशातील बोगोटा येथील सरकारी प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या पडत व एकेका पेटीत एकाहून अधिक मुले ठेवावी लागत. तेव्हा १९७८ साली डॉ. एडगार रे व त्यांचे सहकारी डॉ. हेक्टर मार्टिनेझ ह्यांनी मुलांस आईच्याच उघड्या छातीवर, वस्त्राने बांधून, उभे धरविण्यास आरंभ केला. कांगारू आपले पिल्लू जसे बाळगते तसे, म्हणून तिला कांगारू पद्धत म्हणतात. तरीही पुढे चाळीस वर्षे बहुतेक ठिकाणी नियम असा राहिला की, मूल आधी स्थिर होऊ द्या, मग छातीस लावा. पाहा, हे आमच्या आजीबाईंचेच म्हणणे झाले: आधी जगेलसे दिसू द्या!

ह्याच नियमाची परीक्षा घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया ह्या पाच देशांतील पाच रुग्णालयांत झाली. आपल्या देशाचे रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग. एक किलो ते एक किलो ७९९ ग्रॅम वजनाची मुले घेतली. काहींस जुन्या नियमाप्रमाणे स्थिर झाल्यावर छातीस लाविले, काहींस जन्मताच, अद्याप धोक्यात असता. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत स्थिर होण्याची वाट पाहिलेल्या मुलांत शेकडा १५.७ दगावली, आणि वाट न पाहिलेल्यांत शेकडा १२. भेद इतका स्पष्ट दिसला की परीक्षा मध्येच थांबविण्यात आली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला व दिवसातून आठ ते चोवीस तास मुलास असे धरावे असे सांगितले. छातीस लावणे व जीव लावणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. त्या परीक्षेत आई आजारी असता आजी-मावशीनेही मूल धरिले आहे. तरी पण जे हात मन आवरून बसले आहेत ते आठ तास मूल धरून बसत नाहीत, एवढे खरे. दुधाचेही तसेच. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढून वाटीत चमचाभर जमविणे हे काम अर्ध्या मनाने होत नाही; आणि त्या चमचाभर दुधाने आतडी कुजण्याच्या घातक रोगापासून लहानग्याचे पुष्कळ रक्षण होते. ज्या आईस दूध येतच नाही तिने खंत करू नये. मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. तेव्हापासून दुसऱ्या आयांच्या दुधावर वाढलेली मुले थोडी नाहीत.

परंतु येथे एक खाच आहे, आणि ती न दाखविता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जीव लावल्याने मूल जगते असे आम्ही म्हणालो, तर ज्यांचे मूल गेले त्यांनी काय समजावे? त्यांनी जीव कमी लावला काय? असा अर्थ कोणी काढील तर आम्ही त्यास साफ विरोध करू. वरील परीक्षेतील शंभरांतली ती बारा मुले जन्मापासून छातीवर होती आणि तरीही गेली. मुलास माया देणे लागतो ते त्याने त्यास गुण येतो म्हणून नव्हे. गुण येतो ही गोष्ट वेगळी व आनंदाची. देणे लागतो ते ते आपले मूल आहे म्हणून, आणि ते आज आहे म्हणून.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांस ऑगस्ट १९६३ मध्ये एक पुत्र झाला. साडेपाच आठवडे आधी आला, वजन दोन किलोंहून थोडे अधिक. आज आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यातही असे मूल बहुधा वाचते. त्या काळी अमेरिकेच्या अध्यक्षालाही ते वाचविता आले नाही. ३९ तासांनी ते फुप्फुसाच्या त्याच विकाराने वारले. पण जन्मताच त्याचा बाप्तिस्मा होऊन पॅट्रिक असे नाव ठेविले गेले होते. एकोणचाळीस तासांच्या मुलास नाव कशाला, असे आमच्यापैकी कित्येक म्हणाले असते.

आता जिला जीव लावणे जमतच नाही तिच्याविषयी. काही आया पेटीजवळ जातात आणि तोंड फिरवितात. नळ्या, पट्ट्या, पारदर्शक कातडी पाहून त्यांस भीती वाटते, आणि ती भीती लोकांस थंडपणा भासते. त्यांस उपदेश करू नये. एखादी सिस्टर "हात ठेवा, असा, दाबून नको, नुसता ठेवा" असे म्हणून तिचा हात खिडकीतून आत घेते, त्याने जे होते ते आमच्या दहा उपदेशांनी होत नाही. तिला घरी काय ऐकावे लागते तेही पाहावे. ग्रहण पाळले नाही, जड उचलले, कोणाची दृष्ट लागली! जुळे, रक्तदाब, अंगातील संसर्ग अशी खरी कारणे असतात, आणि पुष्कळदा डॉक्टरांसही कारण सापडत नाही. जिच्यावर दोष ठेविला आहे ती मोकळ्या मनाने माया कशी करणार? तसेच सव्वा महिना ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये ही रीत तिच्या विश्रांतीसाठी झाली असेल, आणि विश्रांती तिला हवीच. परंतु जिचे मूल पन्नास कोसांवर पेटीत आहे तिला ह्या रीतीने घरी अडकवून ठेवणे म्हणजे रीतीचा हेतूच मोडणे होय. बापाची गोष्ट आणखी निराळी. ऊसतोडीची उचल घेऊन बसलेला बाप टोळी सोडून येऊ शकत नाही. त्याची माया तासांनी मोजू नये. रात्री फोनवर तो "आज किती ग्रॅम?" एवढेच विचारतो, तेवढ्यात सर्व आले.

सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बालकाचा उपचार २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये विनामूल्य आहे, आणि आईबापांस शिकवून कक्षाच्या आत घ्यावे अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचनाही २०१७ पासून आहे. तरी काही ठिकाणी त्यांस अजून व्हरांड्यातच बसवितात. तेथे नम्रपणे विचारावे, आणि पुन्हा विचारावे. मंडळीतील शेजाऱ्यांनी घरच्या थोरल्या मुलांचे जेवण व गोठा सांभाळला तर आईस तेथे बसता येईल. अडीच महिने डबा पोचविणे हे कंटाळवाणे काम आहे. पहिल्या आठवड्यात सर्व येतात. सातव्या आठवड्यात कोण येते ते पाहावे.

राहिले नाव. दवाखान्यात मुलाच्या पायाला जी पट्टी बांधतात तिच्यावर मुलाचे नाव नसते. आईचे नाव व पुढे 'बाळ' एवढेच. घरची मंडळीही नाव ठेवावयास धजत नाहीत, कारण नाव ठेविले की जीव लागतो, असे त्यांस वाटते, आणि ते खरेच आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईने विसाव्या दिवशी कोणास न विचारता मुलीचे नाव ठेविले व सिस्टरांस सांगितले. त्यांनी ते चिकटपट्टीवर लिहून पेटीस लाविले. तेव्हापासून रात्रपाळीच्या सिस्टरही घंटा वाजली की तळपायाला टिचकी मारताना त्या मुलीस नावाने हाक मारू लागल्या, आणि सासूबाई फोनवर "बाळ कसे आहे?" असे विचारीत, त्याही आठवड्याभराने नाव घेऊन विचारू लागल्या.