ऐकलेले कुरुक्षेत्र आणि पाहिलेले कुरुक्षेत्र

ज्या घरी गीतापाठाचा नेम असतो, त्या घरातील मुलाच्या कानी ‘कुरुक्षेत्र’ हा शब्द अर्थ कळण्यापूर्वीच पडतो. पुढे महाभारतातील कथांची पुस्तके हाती येतात आणि मनात एक अफाट माळ पसरतो: धुळीने झाकोळलेले आकाश, समोरासमोर मिळून १८ अक्षौहिणी सेना, मध्ये पांढरे घोडे जुंपलेला एकच रथ. तोच मुलगा प्रौढ गृहस्थ होऊन दिल्ली-अंबाला लोहमार्गावरील कुरुक्षेत्र स्थानकावर उतरतो, तेव्हा त्यास दिसतात कालव्याच्या पाण्यावर पोसलेली गव्हाची शेते, दुकाने आणि धर्मशाळा. ठाणेसरजवळ ज्योतिसर येथे गीतोपदेशाचा साक्षी म्हणून एक वटवृक्ष दाखविला जातो. हात जोडले जातात. मन मात्र रितेच राहते. त्या भल्या माणसास मग वाटू लागते की, आपली श्रद्धाच उणी असावी.

ही शंका घाईची होय. त्याने बालपणापासून जे कुरुक्षेत्र उराशी धरले, ते १८ दिवसांच्या युद्धापुरतेच होते. शल्यपर्वातील आख्यान त्याहून मागे जाते. राजा कुरू ही भूमी स्वतः नांगरीत होता. इंद्राने येऊन हेतू विचारला, उपहासही केला, तरी राजाने नांगर सोडला नाही. म्हणून हे कुरूचे क्षेत्र, म्हणजे शेत. ज्या पिकाने यात्रिकाचा विरस केला, ते पीक या नावास मुळीच परके नाही. (तेराव्या अध्यायातील ‘क्षेत्र’ शब्दाचे स्मरण गीतेच्या वाचकास करून देण्याची गरज नाही.)

खरा कठीण प्रश्न पुढेच आहे. घरी वृद्ध आई वाट पाहत असते. तिने जन्मभर ते नाव ऐकले. जाणे काही घडले नाही. असे न पोहोचलेले पुष्कळ आहेत. १७६० च्या ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकल्यावर मराठी सैन्य बरोबरच्या यात्रेकरूंसह कुरुक्षेत्राकडे निघाले होते. अब्दाली बागपतजवळ यमुना उतरल्याचे कळताच त्यास पानिपताकडे वळावे लागले. आता आई विचारते, “काय पाहिलेस रे?” तिचे मन राखण्यासाठी मुलाने अंगावर रोमांच उभे राहिल्याचे सांगावे काय?

सतराव्या अध्यायात वाङ्मय तप सांगताना भगवंतांनी प्रिय आणि हितकर यांच्या जोडीला सत्यही घातले आहे. यांतील एक सांभाळून दुसरे सोडण्याची मुभा तेथे दिसत नाही. संजयाचे उदाहरण तर अगदी जवळचे. व्यासांनी दृष्टी देऊ केली असता धृतराष्ट्राने ज्ञातिवध पाहण्यास नकार दिला आणि केवळ ऐकणे पत्करले. त्या अंध, पुत्रमोही राजास संजयाने पुत्रांचे मरणही एकेक करून सांगितले. तसे नसते, तर त्याच मुखातून आलेल्या कृष्णार्जुनसंवादावर तरी कोणी विश्वास का ठेवावा?

यात्रिकास तर संजयाइतके कठोर काही सांगावयाचे नाही. गहू उभा होता, पाटाला पाणी होते, वडाखाली गर्दी होती आणि आपल्याला काही विशेष वाटले नाही, एवढेच. त्यापुढे कुरूच्या नांगराची कथा सांगावी. जिचे आयुष्य धान्य पाखडण्यात आणि निवडण्यात गेले, ती आई रथाआधी कदाचित त्या गव्हाचीच चौकशी करील.